ज्ञानाचा हिशेब तपासणारी विद्या

व्यापारी घराण्यांत मुलामुलींच्या उच्च शिक्षणाच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. सनदी लेखापाल, व्यवस्थापन, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, रत्नपरीक्षा. यांतले काही शिक्षण पेढीच्या उपयोगाचे, तर काही पेढीबाहेर मान मिळवून देणारे. अशा घरातील विज्ञान शाखेची पदवीधर कन्या 'विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. ही विद्या आहे तरी काय? आणि ती घेऊन पुढे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हिशेबी माणसाने ते विचारलेच पाहिजेत. मात्र उत्तर ऐकून घेण्याआधीच नकार देणे हेही हिशेबीपणाला शोभत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर कळते. दुकानातील वजनकाटा खरा आहे की नाही, हे प्रमाणित वजनाने ठरते. ते वजन खरे आहे की नाही, हे त्याहून वरच्या प्रमाणित वजनाने. पण सर्वांत पहिले वजन कशाने पडताळले? तापमापकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होता. पाणी नेहमी एकाच तापमानाला उकळते असे धरून त्या खुणेवर तापमापक आखायचा. पण पाणी नेहमी एकाच तापमानाला उकळते हे पाहायचे तर हाती आधीच तापमापक हवा.

अठराव्या शतकात जिनिव्हाचे झाँ-आंद्रे द ल्यूक यांनी या गाठीला हात घातला. ते पेशाने व्यापारी होते. पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकली तर उकळण्यावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी पाण्याने भरलेली कुपी ते चार आठवडे हलवत राहिले. झोप, गावातील व्यवहाराची कामे आणि जिथे दोन्ही हात लागतात अशी कामे, एवढ्यापुरतीच ती कुपी हातातून खाली ठेवली जाई. अशा रीतीने हवा काढलेले पाणी नेहमीच्या उत्कलनबिंदूच्या बरेच वर गेले तरी उकळेना, आणि मग एकाएकी स्फोटासारखे उसळले. ज्या खुणेवर सारे तापमापक आखले जात होते, ती खूणच डळमळीत होती. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. द ल्यूकही तिचे सदस्य होते. १७७७ च्या अहवालात समितीने सुचवले की तापमापक पाण्यात न बुडवता वाफेत धरावा. वाफेचे तापमान अधिक स्थिर राहते.

पुढे केंब्रिजमध्ये प्राध्यापक झालेले हासोक चांग यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत तपशिलाने मांडली आहे. त्यातून निघणारा बोध असा: विज्ञानातील प्रमाण आकाशातून पडत नाही. माणसे ते अपुऱ्या साधनांनी घडवतात, पुन्हा तपासतात आणि टप्प्याटप्प्याने सुधारतात. म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट त्यावर विश्वास का ठेवावा, याचे कारण हाती येते. 'अमुक गोष्ट कळली' असे म्हणताना ती कोणाला, कोणत्या पुराव्यावर आणि किती खात्रीने कळली, याचा हिशेब मागणे हेच या विद्येचे काम.

हे शिक्षण कसे दिले जाते, याचे चांगले उदाहरण केंब्रिज विद्यापीठात पाहायला मिळते. तेथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. ऑक्टोबरात सुरू होणारा तेथील अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा असून त्याला एम.फिल. म्हणतात. नावावरून गोंधळ होऊ नये. ती पदव्युत्तर पदवीच आहे. विज्ञानाचे पदवीधर तेथे येतात, तसेच इतिहासाचे आणि तत्त्वज्ञानाचेही. व्याख्यानांपेक्षा वाचन, चर्चा आणि लेखन यांवर भर असतो. विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून, मूळ साधने चाळून निबंध लिहायचे आणि अखेरीस एक प्रबंध सादर करायचा. पाठांतराने येथे निभाव लागत नाही. प्रत्येक विधानाला 'हे कशावरून?' असा प्रश्न येतो आणि उत्तर नसेल तर ते विधान खोडावे लागते.

या विभागाला लागूनच व्हिपल संग्रहालय आहे. रॉबर्ट व्हिपल हे वैज्ञानिक उपकरणे बनवणाऱ्या केंब्रिजच्या एका कंपनीचे चालक. आयुष्यभर त्यांनी जुनी उपकरणे आणि दुर्मीळ ग्रंथ जमवले आणि १९४४ साली सुमारे एक हजार उपकरणे विद्यापीठाला अर्पण केली. एका उद्योजकाच्या दानातून विद्याशाखेला बळ मिळाले, ही गोष्ट या वाचकवर्गाला परकी वाटणार नाही. पण पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९५० च्या दशकात डेरेक प्राइस या अभ्यासकाने हा संग्रह बारकाईने पाहिला, तेव्हा त्यातील काही 'प्राचीन' उपकरणे बनावट असल्याचे उघड झाले. संस्थेने हे लपवले नाही. ही उपकरणे कोणी, का आणि कोणत्या ग्राहकांसाठी बनवली, हाच नंतर अभ्यासाचा विषय झाला. खोटे नाणे ओळखता आले म्हणून खऱ्या नाण्याची किंमत कमी होत नाही. सराफाला हे वेगळे सांगायला नको.

जैन कुटुंबांना या विद्येशी विशेष कर्तव्य आहे ते येथूनच. समाजातील व्याख्यानांत आणि पत्रिकांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: 'आधुनिक विज्ञानाने आज जे शोधले, ते आमच्या आगमांत आधीच सांगितले आहे.' बोलणाऱ्याचा भाव श्रद्धेचा असतो, यात शंका नाही. परंतु या विधानाची तपासणी केली, तर त्याने आगमांचा गौरव होतो की अन्याय, असा प्रश्न पडतो.

परमाणूचेच उदाहरण घ्यावे. जैन दर्शनातील परमाणू हा पुद्गलाचा अविभाज्य अंश होय. त्यात एक वर्ण, एक गंध, एक रस आणि दोन स्पर्श असतात, आणि स्निग्ध व रूक्ष या गुणांमुळे परमाणूंचा बंध होऊन स्कंध तयार होतात. मुळात सारे परमाणू एकाच जातीचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी मांडलेला अणू वेगळा आहे. तेथे प्रत्येक मूलद्रव्याचा अणू निराळा आणि त्याची ओळख वजनावरून पटते. तो अणूही अविभाज्य राहिला नाही. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध जाहीर केला. त्यांची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा होती केंब्रिजच्या त्याच फ्री स्कूल लेनमध्ये, जिथे आज हा विभाग आहे. आता 'परमाणू म्हणजेच अणू' असे म्हणणाऱ्याने काय साधले? रसायनशास्त्राचा अणू फुटला, म्हणून जैन परमाणूही फुटला असे त्याला मान्य करावे लागेल. एका स्वतंत्र, सूक्ष्म आणि सुसंगत विचाराला दुसऱ्याच्या मापाने मोजल्याचा हा परिणाम.

अमेरिकेचे थॉमस कून मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. १९४७ साली ॲरिस्टॉटलचे गतिविषयक लेखन वाचताना ते बुचकळ्यात पडले. एवढा बुद्धिमान माणूस इतके चुकीचे कसे लिहू शकतो? मग त्यांच्या ध्यानात आले की ॲरिस्टॉटलचा 'गती' हा शब्दच वेगळा आहे. स्थलांतर, वाढ, रंग बदलणे, आजाऱ्याचे बरे होणे, या साऱ्या बदलांना तो एकाच संज्ञेत घेतो. शब्दाचा अर्थ त्याच्या जगात जाऊन समजून घेतला, तेव्हा ते लेखन सुसंगत वाटू लागले. वैज्ञानिक क्रांतींच्या रचनेवरील कून यांचा १९६२ चा प्रसिद्ध ग्रंथ याच अनुभवाच्या मुळातून वाढला. जुना ग्रंथ त्याच्याच प्रश्नांच्या संदर्भात वाचावा, हा धडा षड्द्रव्यांचे विवेचन वाचणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

स्याद्वादाविषयी असा संयम एका मोठ्या वैज्ञानिकाने प्रत्यक्ष दाखवला आहे. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांविषयी लिहिताना स्याद्वादाची दखल घेतली. पाठोपाठ १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञानेही स्याद्वादावर स्वतंत्र लेख लिहिला. जगन्मान्य वैज्ञानिकांनी सप्तभंगीकडे आदराने पाहिले, याचा अभिमान जरूर वाटावा. पण महालनोबिस यांनी त्याच लेखात सावधगिरीही बाळगली होती. संभाव्यतेची आजची संकल्पना स्याद्वादात होती असा आपला दावा नाही, त्या विचाराचे काही टप्पे तिच्याशी जवळचे नाते सांगतात एवढेच आपले म्हणणे आहे, असा त्यांचा आशय होता. समाजात त्यांचे नाव घेतले जाते. ही मर्यादा मात्र क्वचितच सांगितली जाते. वस्तूविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले हे सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही, हेच ज्या दर्शनाचे सार, त्याच्याविषयी निरपेक्ष दावे करणे हा विरोधाभासच नव्हे काय?

अशा दाव्यांची गरजही नाही. खरा ठेवा पुरेसा मोठा आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इसवी सनाच्या ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. ऋण संख्या हा कोणत्याही संख्येचा वर्ग नसतो, म्हणून तिचे वर्गमूळ नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच ग्रंथात शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असेही विधान आहे आणि ते आज स्वीकारले जात नाही. गौरवगान करणारा दुसरे विधान लपवतो आणि उपहास करणारा पहिले. इतिहासाचा अभ्यासक दोन्ही समोर ठेवतो आणि विचारतो की भागाकार म्हणजे काय अशी त्यांची कल्पना होती, ज्यातून हे उत्तर निघाले असावे. या प्रश्नाने महावीराचार्य लहान होत नाहीत. ते विचार करणारा एक जिवंत माणूस म्हणून आपल्याजवळ येतात.

आचार्य वीरसेनांच्या 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' ही संज्ञा येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चा अर्धच्छेद ५. आजच्या भाषेत हा दोन या पायावरील लॉगरिदम होय. कर्मसिद्धांतातील व लोकरचनेतील प्रचंड राशींची तुलना करण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. लॉगरिदमचा शोध जैनांनी लावला, अशी घोषणा करून थांबणे सोपे आहे. मोक्षमार्गाची चर्चा करणाऱ्या आचार्यांना इतक्या मोठ्या संख्यांची गरज का भासली, हे समजून घेणे कठीण आहे आणि अधिक मोलाचे आहे.

तिसरे उदाहरण १३७० सालचे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्या दरबाराशी संबंध असलेले महेंद्रसूरी या जैन मुनींनी 'यंत्रराज' हा ग्रंथ लिहिला. ग्रहताऱ्यांची उंची आणि वेळ काढण्याच्या ॲस्ट्रोलेब या पितळी यंत्रावरील हा पहिला संस्कृत ग्रंथ. यवनांनी आपल्या भाषेत रचलेल्या ग्रंथांच्या सागराचे मंथन करून हे सार काढले आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. दुसऱ्याकडून घेतलेले ज्ञान दुसऱ्याच्या नावे जमा करण्याचा हा सचोटीचा व्यवहार आहे. त्याच शतकात दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैनाने १३१८ साली नाण्यांतील धातूंचे प्रमाण आणि त्यांचे मूल्य सांगणारी 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. तिची भाषा पंडितांच्या संस्कृतऐवजी व्यवहारातल्या माणसाला जवळची होती. विज्ञानाच्या इतिहासात व्यापाऱ्याचे स्थान शोधायला दूर जावे लागत नाही.

हा ठेवा वाचला तो श्रावकांमुळे. पाटण, जेसलमेर आणि मूडबिद्री येथील ग्रंथभांडारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शास्त्रदानाने उभी राहिली. 'धवले'ची ताडपत्रे मूडबिद्रीला शतकानुशतके दर्शनासाठी होती, वाचनासाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून 'धवले'चे खंड छापून निघू लागले. चौथ्या खंडाला गणिताचे प्राध्यापक अवधेशनारायण सिंह यांचा 'धवले'तील गणितावरील लेख जोडलेला आहे. 'गणितसारसंग्रह'ही हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. त्या मालेमागेही ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे दान होते. पैसा व्यापाऱ्यांचा, विद्या पंडितांची, अशी ती जोडी होती.

आज त्या जोडीतील दुसरी बाजू विरळ होत चालली आहे. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला पोथ्यांची पूजा होते, नवी वेष्टने चढतात. पण त्या उघडून वाचू शकणारे हात घरोघरी कमी झाले आहेत. प्राकृत जाणणाऱ्याला गणित येत नाही, गणित जाणणाऱ्याला लिपी वाचता येत नाही, आणि दोन्ही येणाऱ्याला पुरावा तोलण्याची शिस्त मिळालेली नसते. विज्ञान शिकलेल्या मुलीने विज्ञानाच्या इतिहासाचा मार्ग धरला, तर हे तीन धागे एकत्र येण्याची शक्यता निर्माण होते. घरात होणाऱ्या चर्चेत ही बाजू मांडली गेली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न: पुढे काय? येथे गोड बोलून उपयोग नाही. ही पदवी हाती पडताच मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. संग्रहालये, अभिलेखागारे, विज्ञानपत्रकारिता, ग्रंथसंपादन, विज्ञान शिक्षण, वैद्यकीय नीतिशास्त्र आणि विज्ञानविषयक धोरण ही या पदवीधरांची क्षेत्रे. अध्यापन व संशोधन करायचे तर पुढे पीएच.डी. अटळ. परदेशातील शुल्क आणि राहण्याचा खर्च मोठा असतो. त्यासाठी गेट्स केंब्रिजसारख्या शिष्यवृत्त्या आहेत, तसेच १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्तीही आहे. पण त्यांतील स्पर्धा तीव्र असते. दोन वर्षे देण्याची तयारी असेल, तर नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाचा अभ्यासक्रमही पाहण्याजोगा आहे.

म्हणून आवड खरी आहे की हौस, हे आधी घरच्या घरी पारखावे. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञानाच्या इतिहासाचा आणि तत्त्वज्ञानाचा विचार विज्ञान शिक्षणाच्या अंगाने होतो. पवईच्या आय.आय.टी.त संस्कृतमधील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासाची व्यवस्था आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. मुलीने वर्षभर प्राकृत वा संस्कृतचा पाया घालावा, एखाद्या छोट्या हस्तलिखिताची सूची करून पाहावी, एका जुन्या गणिती सूत्राचा मूळ पाठ, अनुवाद आणि त्यावरील मतभेद टिपून एक निबंध लिहावा. या कामात तिचे मन रमले, तर खर्चाचा विचार गंभीरपणे करायला हरकत नाही. कंटाळा आला, तर थोड्या मोलात मोठा निर्णय टळला असे समजावे.

एवढे मात्र खरे की या शिक्षणाचा सारा लाभ पगारपत्रकावर दिसणार नाही. औषधाची जाहिरात, आहाराविषयीचा चमत्कारिक दावा, 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे' असे सांगणारा भ्रमणध्वनीवरील संदेश, या साऱ्यांसमोर शांतपणे 'कशावरून?' असे विचारणारे माणूस घरात असणे हीही मिळकतच आहे. अनेकांत जिभेवर असणे वेगळे आणि विचारात मुरणे वेगळे. विरोधी मताचा पुरावा प्रामाणिकपणे मांडणे, स्वतःच्या परंपरेतील उणीव न लपवणे आणि दुसऱ्याचे ऋण उघडपणे मान्य करणे, याची रोज सवय केल्याशिवाय तो मुरत नाही.

पूर्वजांनी पोथ्या लिहवून घेतल्या, जपल्या आणि छापवल्या. त्यांनी जमा केलेल्या या पुंजीचा खरा हिशेब घेणारे वाचक घडवणे हे पुढचे शास्त्रदान आहे. एखाद्या घरातून अशी वाचक निघू पाहत असेल, तर तिला 'याचा उपयोग काय?' असे विचारताना शेठ माणिकचंदांनी ताडपत्रांसाठी खर्च केला, तो कोणत्या उपयोगासाठी, हेही एकदा स्वतःला विचारावे.